घर बदलण्यापूर्वी कुंड्यांतली कीड पुन्हा पुन्हा उलटत असेल तर: काय तपासावे, काय वाचवावे आणि बाग कधी सोडून द्यावी

घर बदलायचे ठरले की सामानाच्या यादीत कुंड्या बहुधा शेवटी येतात, आणि त्यांच्याबरोबर एक ठरावीक तक्रारही येते. झाडांवर कीड आहे, फवारले की ती जाते, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दिसू लागते, आणि आता ही बाग नव्या घरी न्यावी की इथेच मोडावी हे कळत नाही. गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या अशा अनेक बागा मी तपासल्या आहेत; काही वाचवल्या, काही त्यांच्या मालकांसोबत उभे राहून मोडल्या. बहुतेक ठिकाणी दोष एकच निघाला. कीड दिसत होती पानांवर, उलटत होती मात्र कुंडीतून. म्हणून झाड न्यायचे की नाही, याचा निकाल पानांवरून न लावता मातीवरून आणि मुळांवरून लावावा लागतो, आणि त्यासाठी निघण्याच्या किमान दीड-दोन महिने आधी कामाला लागावे लागते. ट्रक दारात उभा असताना यातले काहीच नीट होत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी लक्षण फवारणीनंतर परत परत दिसत असेल, तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

- पानांवर आणि कुंडीखालच्या फरशीवर चिकटपणा जाणवतो आणि काही दिवसांनी त्याच जागी काळी बुरशी धरते.
- खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू असते आणि ती पाण्याच्या फवाऱ्याने थांबत नाही.
- पानांच्या बेचक्यांत पांढरे पुंजके दिसतात, किंवा कुंडीच्या आतल्या कडेला मातीला लागून पांढरी भुकटी दिसते.
- पाणी आणि खत देऊनही झाड दुपारी मान टाकते, पाने पिवळी पडतात आणि वाढ थांबते.
- रात्रीत पाने कुरतडली जातात आणि सकाळी कुंडीच्या बाहेरच्या बाजूला वाळलेला चकचकीत माग दिसतो.
- मातीचा वरचा थर चहाच्या चोथ्यासारखा दाणेदार आणि सैल झालेला असतो, आणि पाणी घातले की न मुरता सरळ खाली वाहून जाते.
- लिंबू, कढीपत्ता किंवा कुंतीची (कामिनीची) कोवळी पालवी वेडीवाकडी होते आणि तिच्यावर पांढरे मेणचट धागे दिसतात.

तपासणीला लागण्यापूर्वी एक भेद मनात पक्का असावा. मावा, लाल कोळी, नेहमीचा पिठ्या ढेकूण या किडी जवळजवळ सगळीकडे आहेत. त्यांनी झाडाचे नुकसान होते, पण त्या तुमच्या कुंडीतून नव्या ठिकाणी गेल्याने तिथल्या परिसरावर नवे संकट येत नाही, आणि केवळ मावा पडला म्हणून वर्षानुवर्षे जपलेला गुलाब फेकून देणे हे मला अजिबात पटत नाही. आक्रमक परकीय कीड ही गोष्ट वेगळी आहे. ती मूळच्या प्रदेशातून बाहेर पडलेली असते, तिला आवर घालणारे शत्रू नव्या जागी नसतात, आणि तिचा लांबचा प्रवास फार वेळा माणसाच्या हातून, रोपांबरोबर आणि कुंडीतल्या मातीबरोबर होतो. पुढच्या सगळ्या तपासण्या या दोन गटांपैकी तुमची कीड कोणत्या गटात आहे, हे ठरवण्यासाठी आहेत.

पहिली तपासणी: भिंग, पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड

सर्वांत आधी सगळी फवारणी थांबवावी. अर्धवट मेलेल्या किडीवरून ओळख पटत नाही, आणि औषधाच्या वासाने दडून बसलेली कीड 'गेली' असे वाटते. चार-पाच दिवसांनी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन प्रत्येक झाडाची जुनी पाने, कोवळी पालवी आणि बेचके पाहावेत, मग पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर बोटाने टिचकी मारावी. कागदावर पडून सरपटणारे बारीक लांबट जीव फुलकिडे असतात आणि सावकाश चालणारे ठिपके कोळी असतात.

लिंबूवर्गीय झाडे, कढीपत्ता आणि कुंती यांच्या पालवीपाशी जास्त वेळ द्यावा. सिट्रस सायला हा कीटक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि तो पानावर बसतो तेव्हा डोके पानाला टेकवून शरीराचा मागचा भाग तिरका वर उचलून धरतो. एकदा ही बैठक पाहिली की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. त्याची पिवळसर-नारिंगी पिल्ले पालवीच्या घडीत दाटीने बसतात आणि त्यांच्या शेपटाकडून पांढरे मेणाचे वेटोळे बाहेर येतात. हा कीटक लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग या असाध्य रोगाचे जिवाणू पसरवतो. अमेरिकेतील फ्लोरिडात हा कीटक 1998 मध्ये आढळला, रोग 2005 मध्ये सापडला, आणि त्यामधल्या काळात विक्रीसाठी इकडून तिकडे गेलेल्या कुंतीच्या रोपांनी कीटक राज्यभर पोहोचवण्यात मोठा हातभार लावला. कढीपत्त्याला स्वतःला हा रोग होत नाही, सायला मात्र त्यावर आनंदाने वाढतो, आणि म्हणून निरोगी दिसणारा कढीपत्ता हा या यादीतला सर्वांत फसवा प्रवासी आहे. सायला दिसला तर या तीन प्रकारची झाडे न्यायची नाहीत. पुढच्या तपासण्यांची त्यांना गरज नाही.

पिठ्या ढेकणांसाठी एक सोपी खूण आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. तो 2008 मध्ये भारतात, कोइम्बतूरजवळ आढळला आणि पपईबरोबर जास्वंदीसारख्या कितीतरी झाडांवर पसरला. संशयित ढेकूण लहान बाटलीत अल्कोहोलमध्ये टाकला आणि तो निळसर-काळा झाला, तर हीच जात असण्याची शक्यता मोठी असते. पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच होते, परंतु झाड बाजूला काढण्यासाठी एवढी खूण पुरेशी मानावी. त्या किडीचा जोर शेवटी 2010 मध्ये आणून सोडलेल्या परजीवी गांधीलमाश्यांनी मोडला, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण सरसकट जहाल औषध मारले की हे मित्रकीटक आधी मरतात आणि कीड दुप्पट जोराने उलटते.

दुसरी तपासणी: मुंग्या कुठे राहतात

चिकट स्राव खाण्यासाठी मुंग्या मावा आणि ढेकणांना जपतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. मुंग्या कायम असतील तर फवारणी कायमची लागू पडणार नाही, एवढे या तपासणीतून कळते. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा की त्यांचे वारूळ जमिनीत आहे की कुंडीत.

काडीच्या टोकाला पीनट बटरचा पातळ थर लावून ती काडी कुंडीच्या मातीत आणि खोडाच्या बेचक्यात तासभर ठेवावी, मग चिमट्याने उचलून बंद पिशवीत घालावी आणि भिंगाखाली पाहावी. छोटी अग्निमुंगी, म्हणजे वॉसमानिया, शोधण्यासाठी हीच पद्धत वापरतात. ती सुमारे दीड मिलिमीटर लांबीची, फिकट नारिंगी आणि हळू चालणारी असते. तिची राणी कुंडीतल्या मातीत बसलेली असली तरी वरून काही दिसत नाही. हवाईमध्ये ती 1999 मध्ये सापडली आणि रोपांच्या कुंड्यांबरोबर फिरली. तिची मोठी भावंडे, तांबड्या अग्निमुंग्या, दक्षिण अमेरिकेतून निघून गेल्या शंभरएक वर्षांत अनेक देशांत पोहोचल्या आहेत. कुंडी हलवताच मातीतून उसळून हातावर चढणाऱ्या आणि एकाच वेळी डसणाऱ्या मुंग्या असतील तर तिथेच थांबावे. त्यांना पाण्यात बुडवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तांबड्या अग्निमुंग्या एकमेकींना धरून तरंगता थर बनवतात आणि तुमच्या हातावर किंवा शेजारच्या कुंडीवर उतरतात.

तिसरी तपासणी: रात्री टॉर्च, सकाळी कुंडीचा तळ

अंधार पडल्यावर दोनेक तासांनी टॉर्च घेऊन कुंड्या पाहाव्यात आणि सकाळी प्रत्येक कुंडी तिरपी करून तळाची छिद्रे, ताटली आणि कडेखालची खोबण तपासावी. गोगलगायी दिवसा नेमक्या इथेच बसतात. शंखी गोगलगाय, म्हणजे मूळची आफ्रिकेतली मोठी आक्रमक जात, कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून कित्येक महिने निपचित राहू शकते, त्यामुळे उन्हाळ्यात 'गोगलगाय नाही' या म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. तिची पिवळसर-पांढरी, सुमारे पाच मिलिमीटरची अंडी मातीच्या वरच्या थरात घोळक्याने असतात आणि एका खेपेस ती शेकड्याने घातली जातात. मातीचा वरचा थर बोटांनी सैल करून पाहिल्याशिवाय ती सापडत नाहीत.

या एका प्राण्याने किती काम वाढते, याचे उदाहरण फ्लोरिडातले आहे. 1966 मध्ये एका मुलाने मायामीत तीन शंखी गोगलगायी आणल्या, त्या घरच्या बागेत सोडल्या गेल्या, आणि सात वर्षांत त्यांची संख्या 18,000 च्या वर गेली. त्या पूर्ण नष्ट झाल्याचे 1975 मध्ये जाहीर झाले. 2011 मध्ये त्या पुन्हा आढळल्या आणि दुसरी मोहीम संपायला 2021 उजाडले. गोगलगायीला उघड्या हाताने कधीही स्पर्श करू नये. उंदरांच्या फुप्फुसात वाढणारी एक जंताची जात तिच्यात असू शकते आणि ती माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणते. हातमोजे घालून गोगलगायी वेचाव्यात आणि मिठाच्या घट्ट द्रावणात बुडवाव्यात. मीठ कुंडीत मात्र टाकू नये, त्याने माती कायमची बिघडते.

याच फेरीत मोठ्या कुंड्यांच्या बाहेरच्या बाजूकडे आणि बागेतल्या खुर्च्या-स्टँडकडेही पाहावे. ठिपकेदार लँटर्नफ्लाय हा कीटक 2014 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात आढळला. तो झाडाबरोबरच दगड, लोखंड, लाकूड अशा कुठल्याही टणक पृष्ठभागावर करड्या मातकट लेपाखाली तीस ते पन्नास अंडी घालतो. अशी अंडी झाडाशिवायही प्रवास करतात.

चौथी तपासणी: मोहरीचे पाणी

ही तपासणी स्वस्त आहे आणि तिचा निकाल दहा-पंधरा मिनिटांत मिळतो. चार लिटर पाण्यात साधारण चाळीस ग्रॅम मोहरीची बारीक पूड ढवळून ते पाणी हळूहळू मातीत ओतावे. मोहरीने त्वचेची आग होते म्हणून गांडुळे वर येतात. झाडाला याचा अपाय होत नाही. वर आलेले गांडूळ संथ असेल आणि त्याच्या शरीरावरचा फुगीर पट्टा खोगिरासारखा उंच असेल, तर काळजीचे कारण नाही. ते जर सापाप्रमाणे जोरात वळवळत उड्या घेत असेल, त्याचा पट्टा गुळगुळीत, फिकट, डोक्याच्या जवळ आणि शरीराला पूर्ण वेढणारा असेल, तर ते पूर्व आशियातून आलेले उड्या मारणारे गांडूळ असण्याची शक्यता आहे. जिथे ते मूळचे नाही, तिथे ते पालापाचोळ्याचा थर झपाट्याने खाऊन टाकते आणि झाडांची मुळे उघडी पाडते. मोठी गांडुळे वेचून प्रश्न सुटत नाही, कारण त्यांचे कोष मातीच्या कणाएवढे आणि मातीच्याच रंगाचे असतात. कोष मारायला उष्णता लागते: 40 अंश सेल्सियसच्या वरचे तापमान सलग तीन दिवस.

गांडुळाऐवजी लांब, चपटा, चिकट आणि पंख्यासारख्या रुंद डोक्याचा कृमी निघाला तर तो तोडू नये, कारण त्याचे तुकडे वेगवेगळे जगतात. हा हातोडी-डोक्याचा चपटकृमी गांडुळे खातो आणि त्याच्या अंगात विषही असते. त्याच्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन 1878 मध्ये झाले तेच मुळी लंडनच्या क्यू उद्यानातील काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून, आणि त्या जातीचे मूळ स्थान मात्र दूर आग्नेय आशियात आहे. कुंडीतल्या मातीचा प्रवास किती जुना आहे याची ही साक्ष आहे. वाळा हा निरुपद्रवी आंधळा सापही असाच कुंड्यांतून जगभर पोहोचला. त्याच्या माद्या नराशिवाय पिल्ले देतात, म्हणून एक मादी पुरेशी ठरली.

पाचवी तपासणी: झाड कुंडीबाहेर काढून मुळे पाहणे

आतापर्यंत काही सापडले नसेल आणि तरीही झाड मान टाकत असेल, तर ही तपासणी टाळता येत नाही. आदल्या दिवशी पाणी तोडावे. कुंडी आडवी धरून कडेवर हाताने थोपटावे आणि मातीचा गोळा अखंड बाहेर सरकवावा. तो लगेच फोडू नये. आधी गोळ्याची बाहेरची बाजू आणि कुंडीची आतली भिंत पाहावी. मुळांवरच्या पिठ्या ढेकणांचे पांढरे मेण इथेच, माती आणि कुंडी यांच्यामधल्या फटीत, सर्वांत जास्त असते. नंतर एका कोपऱ्यातली माती बोटांनी झाडून थोडी मुळे बादलीतल्या पाण्यात खळबळून धुवावीत आणि उजेडाकडे धरावीत. निरोगी मूळ टोकापर्यंत सारख्या जाडीचे असते. सूत्रकृमीने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमीने, धरलेल्या मुळावर जागोजागी गाठी असतात, आणि त्या मुळातूनच फुगलेल्या असल्यामुळे नखाने खरवडून निघत नाहीत. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या उपयुक्त गाठी मात्र मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि सहज सुटतात. हा फरक न कळल्यामुळे चांगली झाडे टाकून दिलेली मी पाहिली आहेत.

गाठी असतील तर त्या झाडाचा निकाल लागला. सूत्रकृमी मुळाच्या आत असतात, त्यामुळे माती कितीही धुतली तरी ते झाडाबरोबर जातातच, आणि घरी वापरता येईल असा खात्रीचा उपाय त्यावर नाही.

सहावी तपासणी: वेगळे ठेवून वाट पाहणे

जी झाडे इथवर टिकली आहेत ती इतरांपासून दूर, जमिनीला न टेकलेल्या स्टँडवर तीन ते चार आठवडे ठेवावीत. बहुतेक रसशोषक किडींची अंडी एवढ्या काळात उबून पिल्ले दिसण्याजोगी मोठी होतात, आणि म्हणूनच फवारणीनंतर दोन आठवड्यांनी 'गेली' म्हणणे घाईचे ठरते. या काळात पानांवरचे ढेकूण सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावेत, आणि साबणाचे किंवा निंबोळी तेलाचे द्रावण लेबलवरच्या प्रमाणात आठवड्याने मारावे. साबण फक्त ज्या किडीला लागतो तिलाच मारतो, वाळल्यावर त्याचा काही असर राहत नाही. पानांच्या खालच्या बाजूने फवारले नाही तर ते फवारणे व्यर्थ आहे. चौथ्या आठवड्याअखेर झाड स्वच्छ असेल तर ते नेण्याजोगे आहे, पण शक्य असल्यास जुन्या मातीशिवाय.

सातवी पायरी: माती सोडून झाड नेणे

हे कष्टाचे काम आहे आणि प्रत्येक झाड ते सोसत नाही. गुलाब, सापपान, कोरफड, कंदवर्गीय झाडे मुळे उघडी केली तरी सावरतात. पूर्ण बहरातली जास्वंद किंवा जुने लिंबू बहुधा सावरत नाही. मुळांवरची सगळी माती वाहत्या पाण्याने धुवावी, पुन्हा भिंगाने पाहावी, झाडाचा एक तृतीयांश शेंडा छाटावा आणि नव्या, बंद पिशवीतल्या माध्यमात लावावे. धुतलेले पाणी गटारात किंवा बागेच्या जमिनीत जाऊ देऊ नये; बादलीत साठवून, गाळ खाली बसू देऊन, तो गाळ जुन्या मातीबरोबर उष्णतेने मारावा.

ज्यांना झाडापेक्षा त्याची जात जपायची आहे त्यांना माझा सल्ला बी घेण्याचा असतो. वाळवलेले, निवडलेले, स्वच्छ बी हा मातीतल्या किडीपासून मुक्त राहण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. फांदीचे कलम त्याखालोखाल येते, परंतु फुलकिडे आपली अंडी पानाच्या आत घालतात आणि विषाणू तर फांदीच्या रसातच असतो, त्यामुळे कलमालाही वेगळे ठेवण्याचा काळ चुकत नाही.

बाग कधी सोडावी

मातीत राहणारी आक्रमक कीड सापडली असेल, म्हणजे अग्निमुंगी, शंखी गोगलगाय किंवा तिची अंडी, उड्या मारणारे गांडूळ किंवा चपटकृमी, तर त्या एका कुंडीपुरता विचार करून चालत नाही. एकाच फरशीवर शेजारी शेजारी असलेल्या, एकाच झाऱ्याने पाणी मिळालेल्या आणि एकाच खुरप्याने हलवलेल्या सगळ्या कुंड्या बाधित धराव्यात. मुळांवर गाठी निघाल्या असतील तर ज्या कुंड्यांत तीच माती फिरवून वापरली आहे, त्या सगळ्या सोडाव्यात. वेगळे ठेवूनही दुसऱ्यांदा कीड उलटली तर तिसरा प्रयत्न करू नये. निघण्याच्या धावपळीत केलेला तिसरा प्रयत्न नेहमी अर्धवट राहतो.

आणि बाग सोडायची म्हणजे ती वाटून टाकायची नाही. इथे मन घट्ट करावे लागते, कारण हिरवेगार झाड कचऱ्यात घालण्यापेक्षा शेजाऱ्याला देणे चांगुलपणाचे वाटते, आणि घेणाराही आनंदाने घेतो. परंतु एका गॅलरीतली कीड दहा घरांत जाण्याचा याहून सोपा रस्ता नाही. बाधित कुंडी देऊ नये, विकू नये, इमारतीच्या बागेत ठेवू नये, मोकळ्या जागेत माती ओतू नये. बागेवर माया केलेल्या माणसाला हे किती जड जाते हे मला ठाऊक आहे, आणि तरीही दरवेळी मी हेच सांगतो.

मोडण्याची रीत अशी ठेवावी. झाड मुळासकट कापून जाड पिशवीत घालावे, तिला गाठ मारून ती दुसऱ्या पिशवीत घालावी. माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत थोडी थोडी भरावी आणि कडक उन्हात, जमिनीपासून वर, दुसऱ्या पारदर्शक आवरणाखाली ठेवावी. मधोमध तापमापक खुपसून पाहावे: माती 70 अंश सेल्सियसवर अर्धा तास किंवा 60 अंशांवर एक तास राहिली, की बहुतेक किडी, सूत्रकृमी आणि अंडी मरतात. मापल्याशिवाय 'ऊन लागले' म्हणू नये, कारण पिशवीची बाजू तापते तेव्हा मध्य गारच असतो. घरच्या कंपोस्टमध्ये ही माती किंवा झाडे घालू नयेत. तो ढीग सगळीकडून 55 अंशांवर काही दिवस टिकला तरच सुरक्षित होतो, आणि छोट्या ढिगात ते क्वचितच साधते.

रिकाम्या कुंड्या नेता येतात. आधी ब्रशने खरवडून सगळी माती काढावी, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटे बुडवून धुवून वाळवाव्यात. माती राहिली तर ब्लीच तिच्यातच खर्ची पडते, म्हणून खरवडणे आधी. ब्लीचमध्ये आम्लाचे किंवा अमोनियाचे दुसरे कोणतेही द्रावण मिसळू नये, विषारी वायू सुटतो. खुरपी, कात्री, झारी यांनाही हीच रीत लागू आहे.

कुठे थांबून जाणकाराला बोलवावे

देशाची किंवा राज्याची सीमा ओलांडायची असेल तर वरची एकही तपासणी परवानगीची जागा घेत नाही. वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1951 चा आहे आणि त्याखाली बहुतेक देश रोपांसोबत तपासणीचे प्रमाणपत्र मागतात. माती आणायला तर बहुतेक ठिकाणी मनाईच असते. युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून प्रवाशाच्या सामानातल्या रोपालाही प्रमाणपत्र लागते. दोन्हीकडच्या वनस्पती विलगीकरण कार्यालयांना निघण्याच्या कित्येक आठवडे आधी विचारावे, कारण तपासणीला वेळ लागतो.

डसणाऱ्या मुंग्या, कुंडीत वाळवी, किंवा कुंडीतून घराच्या भिंतीत गेलेले वारूळ असेल तर परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवावे. झाडाच्या रसातून पसरणारी औषधे आणि मातीत धुरी देणारी रसायने घरी वापरू नयेत. बंद गॅलरीत, लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात तर मुळीच नाही. मुंग्यांच्या दंशानंतर श्वास लागला, चेहरा सुजला, किंवा गोगलगाय हाताळल्यानंतर काही दिवसांनी तीव्र डोकेदुखी आणि मान ताठ झाली, तर थेट डॉक्टरकडे जावे आणि काय हाताळले ते सांगावे.

तुमच्या भागात पूर्वी न पाहिलेली कीड वाटत असेल तर ती मारून टाकण्यापूर्वी कृषी विभागाला किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला कळवावे, कारण सुरुवातीच्या एका नोंदीमुळे प्रसार रोखता येतो. शेजारी नाणे ठेवून वरून, खालून आणि बाजूने स्पष्ट फोटो काढावेत. नमुना अल्कोहोलच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून तिच्यावर तारीख, झाडाचे नाव आणि कुंडीतली नेमकी जागा लिहावी. जिवंत नमुना पिशवीत घालून कार्यालयात नेऊ नये. उत्तर येईपर्यंत एकही कुंडी जागची हलवू नये, आणि सामान आधी जाणार असेल तर कुंड्या मागे ठेवूनच जावे.